बरडावरचे पारसभाऊ

निरोप आणला तो एस.टी.च्या कंडक्टरनं. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. नरडाण्याच्या गाडीवर असणारा आमच्या गावचा हिरामण फाटकातून आत आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "मास्तर, पारसशेठ गयात. आज सकाय. शेतमातून उनात, आंघोय करी, बाजवर आडवा पडनात... मंग उठनात नई." एवढं सांगून तो निघाला, कारण धुळ्याच्या स्टँडवर गाडी उभी होती. मी वर्गात जाऊन फळ्यावरचं अर्धं वाक्य पुसलं, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि त्याच गाडीनं गावाला निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्यात दहनाला थांबत नाहीत. घरापुढच्या ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती आणि आतून बायकांचा आवाज येत होता, हळू, सारखा...

तिसऱ्या दिवशी उठावण्याला, म्हणजे त्यांच्या शोकसभेला, पुन्हा गेलो. जळगावहून आलेला त्यांच्या नात्यातला एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. कुणीतरी शेताचा विषय काढला तेव्हा तो नवलानं म्हणाला, "शेती? आपल्यात? स्वतः करायचे?" जागा उत्तर देण्याची नव्हती. पण त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही, म्हणून आज महिन्याभरानं हे लिहायला बसलो आहे.

पारसमल हे आमच्या गावातल्या मारवाडी जैन घराण्यातले थोरले चिरंजीव. आजोबा कधीतरी राजस्थानातून आले, त्यांनी दुकान टाकलं. पुढच्या बाजूला किराणा, आत कापड. त्यांचे वडील मिश्रीलालशेठ, ज्यांना घरात आणि हळूहळू गावातही बाऊजी म्हणत, ते गादीवर बसत. अंगानं काटक, बोलणं कमी, सूर्य मावळायच्या आत जेवण, संध्याकाळी स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन प्रतिक्रमण. रस्त्यानं चालताना नजर कायम पुढच्या दोन पावलांवर, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. धाकटा कांतीलाल व्यापारात हुशार निघाला. पारसभाऊंचं मात्र तराजूत मन नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि हे त्याला विचारत असायचे, तुझ्याकडे गवार आली का, कीड पडली का, कोणत्या नक्षत्रात टाकली होतीस? माल राहायचा बाजूला. गावाच्या कडेला, आमच्या शेताला लागून, त्यांच्या आजोबांनी कधी काळी घेतलेलं बरड होतं. वरचा थर विताएवढा, खाली मुरूम. त्यात बाभळीची खुरटी झाडं आणि एक जुनी विहीर. पारसभाऊ फावल्या वेळात त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसत. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते बांधावरून ओरडत, "काय देखस तठे? गवत बी उगस नई!"

मी तेव्हा गावातल्याच शाळेत नुकताच नोकरीला लागलो होतो. साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. एक दिवस गावात बोभाटा झाला की पारसभाऊंनी दुकानातून अंग काढून घेतलं, ते शेती करणार. चाळिशी उलटलेला, दोन मुलींचा बाप असलेला माणूस. लोकांना वाटलं, भावाभावांत बिनसलं असेल. तसं काहीच नव्हतं. पुढे ओळख दाट झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, उन्हाळ्यात आपल्याकडे खेड्यात भाजी मिळत नाही. लोक बेसन खातात, डाळ खातात, वाळवणं खातात. सुरतेकडून रेल्वेनं आलेली पाटी नरडाण्याला उतरते, ती इथं पोचेपर्यंत सुकून जाते. मला वाटायचं, ही एवढी जमीन आहे, ही विहीर आहे... एवढंसुद्धा होऊ नये?" कारण इतकं साधं होतं. पण त्यांच्या घरात ते साधं नव्हतं.

बाऊजींनी आकांडतांडव केलं नाही. घरात ते मारवाडी बोलत. मी मला कळलं तसं मराठीत देतो आहे. त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितलं, "नांगराखाली किती जीव मरतात त्याची मोजदाद नाही. आपल्या बापजाद्यांनी म्हणून हा धंदा केला नाही. तू मोठा झालास, तुला अडवत नाही. पण त्या शेतातलं पान माझ्या ताटात पडणार नाही." पारसभाऊ म्हणाले, "बाजारातली भाजीसुद्धा नांगरल्याशिवाय येत नाही, बाऊजी." त्यावर म्हातारा म्हणाला, "ती पिकवणारा कोण, मला माहीत नाही. त्यानं माझ्यासाठी नांगर धरला नाही. तू धरशील तो माझ्या घरातून धरशील. करणं, करवणं आणि चांगलं केलंस म्हणणं, तिन्हींचं पाप सारखं. मी खाल्लं की चांगलं केलंस म्हटल्यासारखं होतं." आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "बाजारनी भाजी काय आभायमातून पडस का?" पण बाऊजींचं म्हणणं मला कधीच वेडगळ वाटलं नाही. त्यांना जे पटलं होतं, त्याची किंमत ते स्वतः मोजत होते; दुसऱ्यावर लादत नव्हते.

त्या दिवसापासून त्या घरात दोन भाज्या शिजू लागल्या. एक बाजारातली, बाऊजींसाठी. एक शेतातली, बाकीच्यांसाठी. पारसभाऊंच्या पत्नी कमलाभाभी हे दोन चुलींचं काम करत आणि पळी चुकूनसुद्धा इकडची तिकडे जाऊ देत नसत. बापलेक एका पंगतीला बसत, बोलत, हसतसुद्धा. फक्त वाढताना भाभी एका ताटाशी थांबून पातेलं बदलत. ते बदलणं मी पाहिलं आहे. त्या वेळी पारसभाऊ ताटाकडे बघत राहत.

पहिलं वर्ष वाया गेलं. त्यांनी बाभळी काढल्या, नांगरट करवली, आणि सगळे लावतात तशी मिरची, भेंडी लावली. पाऊस पडला तेव्हा वरची माती वाहून बांधाशी गेली. उघडला तेव्हा उरलेली भाकरीसारखी कडक झाली. विहिरीचं पाणी दिलं की वरून ओलं दिसे, खाली कोरडंच. रोपं पिवळी पडून बसली. हिवाळ्यात ते धुळ्याला जाऊन सरकारी शेतावर भटकून आले आणि आल्या आल्या आबांना म्हणाले, "आबा, माती उपाशी आहे. आधी तिला जेवायला घालायला पाहिजे." पुढच्या पावसाळ्यात त्यांनी शेताचे दोन भाग केले. एका भागात नुसता ताग पेरला. दुसऱ्यात तुरीच्या ओळी लांब लांब आणि मधल्या जागेत गवार, चवळी, भेंडी, पश्चिमेला वारा अडवायला मक्याची दाट रांग, बांधावर शेवगा. तूर सावकाश वाढते, तोपर्यंत गवार-चवळी येऊन जाते, आणि चवळीचा वेल जमीन झाकून ठेवतो म्हणून ऊन मातीला लागत नाही. पुढच्या वर्षी या भागातलं त्या भागात. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा कांतीलाल दुकानात बसून हसत सांगायचा, "आमचे भाईजी अर्धं शेत मातीला खाऊ घालतात आणि अर्ध्यात खिचडी शिजवतात."

कांदा, लसूण, बटाटा, मुळा यांतलं काहीच ते लावणार नव्हते, कारण जमिनीखालचं त्यांच्यात खात नाहीत आणि जे आपण खात नाही ते उपटून विकायचं त्यांना नको वाटे. वांग्यालाही त्यांची ना होती. फार बिया असतात म्हणून त्यांच्या घरात वांगं येत नसे. यावर मात्र आबा भडकले. "वांगं नई लावस? मंग खान्देशमा राहस कसाले?" भरताशिवाय आमच्याकडे हिवाळा म्हणजे काय, हे सांगायला नको. पारसभाऊ चार दिवस विचारात पडले. मग आमच्या बाजूच्या बांधाला लागून त्यांनी वांग्याची एक ओळ लावली आणि म्हणाले, "ही आबांची." ती ओळ आबा असेपर्यंत दर वर्षी लागली. त्यातलं एकही वांगं त्यांनी स्वतः चाखलं नाही. त्यांच्या शेतीतला आणखी एक विनोद गावाला फार आवडायचा. चातुर्मासात त्यांच्याकडे पालेभाजी वर्ज्य, पंचमी-अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य, आणि नेमकी त्याच दिवसांत शेतात भाजीची रेलचेल. टोपलं भरून गावात पाठवायचं आणि घरी येऊन मुगाची डाळ जेवायची.

त्या पहिल्या तागाची हकीकत सांगायलाच हवी. श्रावणात ताग कमरेच्या वर गेला आणि पिवळ्या फुलांनी भरला. फूल आलं की गाडायचा, ही त्याची वेळ. आणखी थांबलं तर दांडे निबर होतात, लवकर कुजत नाहीत. आमच्या गावात ताग लोक दोरासाठी लावत. उभं पीक मातीत घालायचं ही कल्पनाच कुणाला सहन होत नव्हती. आबा तर, "याड लागनं का तुले?" म्हणून त्यांच्याशी भांडून आले होते. ठरल्या दिवशी नांगरट करणारा सुपडू बैलजोडी घेऊन आला. बघायला बांधावर माणसं जमली, मीही होतो. पारसभाऊ शेतात शिरले आणि मध्यावर जाऊन उभे राहिले. फुलांवर मधमाश्या होत्या, भुंगे होते, फुलपाखरं होती. तो सगळा आवाज बांधापर्यंत येत होता. पानांवर अळ्या होत्या, त्यांना टिपायला चिमण्या येत होत्या. ते बराच वेळ तसेच उभे. मग बाहेर आले आणि सुपडूला म्हणाले, "जोडी घरी ने. आज नाही."

लोक हसत गेले. पारसभाऊ विहिरीजवळ बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, बाऊजी खोटं बोलत नव्हते." मला वाटलं, संपली शेती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मजूर लावून ताग विळ्यांनी कापून घेतला आणि जागच्या जागी आडवा पसरून ठेवला. नांगर नाही, काही नाही. नुसता पडू दिला. आबा बांधावरून कळवळले, "सुकी जाई ना बठ्ठं! मातीले काय भेटी मंग?" पारसभाऊ म्हणाले, "थोडं सुकेल, आबा. पण ज्याला जायचं आहे त्याला जायला वेळ मिळेल." फुलं मिटली तशा माश्या आमच्या तिळाकडे वळल्या. पानं मऊ पडली तसे किडे-मुंगळे बाजूच्या तुरीत गेले. रोज सकाळी ते काठीनं कापलेल्या तागाचे पुंजके हलवून ठेवत. मग एक सर येऊन गेली आणि सुपडूला बोलावून त्यांनी उथळ नांगरानं तो पाला मातीत मिसळला. काही मेले नसतील असं नाही. ते स्वतःच म्हणत, "सगळे वाचले असं मी म्हणत नाही." पण पुढे दर वर्षी त्यांनी असंच केलं.

त्यानंतर एकदा मी दुकानात खडूची पेटी घ्यायला गेलो होतो. बाऊजी गादीवर होते. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पेटी पुढे केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, ते कापून ठेवलेलं पीक... त्यातनं जीव खरंच निघून जातात का?" मी म्हटलं, "पुष्कळ जातात. मी पाहिलं आहे." त्यांनी मान हलवली. "जयणा म्हणतात त्याला. जपून करणं." आणि कागदाचा तुकडा घेऊन गादीवर पडलेली साखर गोळा करू लागले. मला वाटलं, आता भांड्यांची अदलाबदल थांबेल. नाही थांबली. त्या संध्याकाळी नाही, त्या वर्षी नाही, पुढची कितीतरी वर्षं नाही.

जमीन मात्र बदलत गेली. एकदम नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती फावड्याला नरम लागू लागली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाणी दिलं की ते खाली उतरू लागलं आणि टिकू लागलं. तेवढ्याच विहिरीवर आधी भिजत नव्हत्या तितक्या ओळी भिजू लागल्या. मिरची, टमाटे, वाल, मेथी, कोथिंबीर... शिंदखेड्याच्या बाजारात त्यांच्या गवारीला लोक नावानं मागू लागले. किडीच्या औषधाची पावडर विकणारा माणूस सायकलवरून येई, त्याला ते ताक पाजून परत पाठवत. कीड पडायची, नुकसानही व्हायचं. एका वर्षी सगळी भेंडी गेली. पण सगळं एकाच पिकाचं नसल्यानं शेत कधी अख्खं बसलं नाही. आणि एका पावसाळ्यात मी पाहिलं तर आमच्या बांधालगत आबांनी तागाचा एक लांब पट्टा पेरलेला. मी विचारलं, तर करड्या आवाजात म्हणाले, "दोरले लागस म्हनीसन पेरा." फुलं आल्यावर तो पट्टा आडवा झाला. दोर काही घरात आला नाही. पारसभाऊंनी त्याबद्दल आबांना एक शब्द विचारला नाही.

मग ते दुष्काळाचे दिवस आले. एका वर्षी पाऊस कमी, बहात्तरला तर जवळजवळ नाहीच. आमच्या भागात खडीची कामं निघाली, बाया-माणसं हातोड्या घेऊन रस्त्याकडेला बसली. पारसभाऊंच्या शेतात चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. विहीर खोल गेली. ताग उगवून करपला, तुरीनं मान टाकली, पाऊण शेत त्यांनी सोडून दिलं. उरलेला विहिरीजवळचा तुकडा मात्र त्यांनी जिद्दीनं धरून ठेवला. जनावर जिला तोंड लावत नाही ती रुई ते रस्त्याच्या कडेनं कापून आणत आणि तिचा पाला वाफ्यांवर जाड अंथरत. त्याखाली बादलीनं पाणी. त्यात चवळी, अंबाडी, थोडी गवार जगली. शेवगा तर तसाच उभा होता. खडीच्या कामावरून परतणाऱ्या बायका तिथं थांबू लागल्या. ओटीत मावेल तेवढा पाला खुडून न्यायचा, हा पारसभाऊंचा नियम. फक्त शेंडा ठेवायचा, म्हणजे पुन्हा फुटेल.

त्याच दिवसांत बाऊजी आजारले. बाजारात भाजी येणं बंद झालं होतं, आणि बाजारात नाही म्हणजे त्यांच्या ताटात नाही. नुसती डाळ आणि पोळी खाऊन त्यांचं तोंड आलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, चालताना पाय लटपटू लागले. डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल, त्यांत कशाचं काय असतं म्हणून त्यांनी घेतल्या नाहीत. लिंबू नजरेला पडत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पालेभाजी पोटात जायला पाहिजे, नाहीतर हे उठायचे नाहीत. घरापासून हाकेच्या अंतरावर ती उभी होती. कमलाभाभी पदर पसरून सासऱ्यांना विनवून थकल्या. कांतीलाल, जो भावाच्या शेतीला हसायचा, तोही रडवेला होऊन म्हणाला, "बाऊजी, खा ना... मी पाया पडतो." म्हातारा म्हणे, "इतकी वर्षं पाळलं, आता जिवासाठी सोडू?" पारसभाऊ एकदाही खा म्हणाले नाहीत. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मी म्हटलं तर ते माझ्यासाठी खातील. मग माझ्यासाठी मोडलं असं होईल. ते ओझं मी कुठं ठेवू?" आणि रुईचा भारा डोक्यावर घेऊन चालू लागले. त्या दिवसांत त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

एका रविवारी सकाळी, ऊन पडल्यावर, बाऊजींनी माझ्याकडे निरोप पाठवला. मी गेलो तर ते काठी घेऊन ओट्यावर उभे. "मास्तर, मला शेतावर न्या. पारसला सांगू नका." खांद्याला धरून मी त्यांना नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या जमिनीवर पाय ठेवला नव्हता. वाट सगळी उजाड. बांधावरचं गवतसुद्धा जनावरांनी मुळापासून खाल्लेलं. पारसभाऊ वाफ्यात उकिडवे बसले होते. वडिलांना बघून ते उठले, पण पुढे झाले नाहीत. बाऊजींनी वाफ्यावरच्या पाल्याकडे काठीनं दाखवलं. "याच्याखाली काय आहे?" पारसभाऊंनी हलक्या हातानं पाला बाजूला केला. खाली काळी, दमट माती होती. तिच्यात मुंग्या धावत होत्या, बारीक किडे इकडेतिकडे झाले, एक गांडूळ अंग आखडून आत गेलं. बाऊजींनी पाय मागे घेतला.

"हे पहिल्यापासून होते?"

"नाही, बाऊजी. पहिल्या वर्षी तुम्ही आला असता तर पाय कुठं ठेवू हा प्रश्न पडला नसता."

"म्हणजे जितके जीव जास्त, तितकं तुझ्या हातून पाप जास्त."

"हो," पारसभाऊ म्हणाले. त्यांनी पाला पुन्हा होता तसा पांघरला.

बाऊजी शेवग्याखाली जाऊन बसले. मी उगीचच विहिरीत डोकावून आलो. तेवढ्यात बायका आल्या. त्या शेजारच्या गावच्या, खडीच्या दुसऱ्या टोळीवरच्या. कोण शेठ, कोण शेठचा बाप, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी खाली वाकून शेंडे ठेवत चवळीचा पाला खुडला, ओट्या भरल्या. त्यातली एक वयस्क बाई जाता जाता शेवग्याखाली थांबली. पांढरं धोतर, ओठ फुटलेले, हातात काठी... तिला वाटलं असावं, हाही आपल्यासारखाच, मागायला आलेला, लाजून बसलेला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बी ल्या ना. तो कोनले नई म्हनस नई." बाऊजी तिच्याकडे बघत राहिले. तिनं वाट पाहिली नाही. स्वतःच्या ओटीतला मूठभर पाला काढला आणि त्यांच्या मांडीवरच्या उपरण्यात ठेवला. "पोरं वाट देखी राहिनात," म्हणाली आणि बाकीच्यांमागून गेली.

पारसभाऊ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी काही बोलू नये म्हणून की स्वतःला आधार म्हणून, मला कळलं नाही. बाऊजींनी उपरण्याची टोकं एकत्र केली, गाठ मारली आणि काठी टेकून उठले. परतीच्या वाटेवर ते मला एवढंच म्हणाले, "तिनं आपल्या पोरांच्या घासातलं दिलं. ते नाही कसं म्हणणार?" घरी पोचल्यावर त्यांनी ती गाठ कमलाभाभींच्या पुढे ठेवली. "हे शिजव." भाभींना काय झालं ते उमजेना. त्यांनी भाजी केली, वाढली. बाऊजींनी पहिला घास घेण्याआधी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासून या शेतातलं खाईन. आणि आजपासून तूप सोडलं. जन्मभर." मारवाड्याच्या घरात तूप सोडणं म्हणजे काय, हे ज्यानं त्यांच्या पंगतीला जेवण केलं आहे त्यालाच कळेल. पारसभाऊ समोर बसले होते. ते ताटावरून उठून आतल्या खोलीत गेले. मागून मला म्हणाले, "मास्तर, त्यांनी माझ्या पापातलं अर्धं उचलून स्वतःकडे घेतलं."

बाऊजी त्यातून उठले. त्यानंतर दोन-तीन वर्षं ते होते. वर्ज्य तिथी सोडून रोज मुलाच्या शेतातली भाजी आणि कोरडी पोळी. तुपाचं भांडं पंगतीत फिरे तेव्हा ते ताटावर आडवा हात धरत. कमलाभाभी एकदा हसत म्हणाल्या, "आधी दोन भाज्या, आता दोन तऱ्हेच्या पोळ्या... माझं दुहेरी काम काही सुटलं नाही हो, मास्तर." पुन्हा पाऊस आला, पुन्हा ताग उभा राहिला. बाऊजी कधी कधी सकाळी काठी घेऊन बांधापर्यंत येत. आत जात नसत. बांधावर उभे राहून फुलं बघत आणि दुकानाची वेळ झाली की परत फिरत. ते गेले ते शांतपणे, जागेपणी, सगळ्यांची क्षमा मागून. पारसभाऊंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते शेतावर होते.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. आबाही त्याच सुमारास गेले. घराच्या मागे हातभर जागा होती, दगडविटांनी भरलेली. पारसभाऊ काही कामानं धुळ्याला आले की आमच्याकडे उतरत. पहिल्याच खेपेला त्यांनी कुदळ मागितली आणि जेवायच्या आधी तो कोपरा मोकळा केला. नंतर ताग, नंतर गवार-चवळी, कडेला एक शेवग्याची फांदी रोवलेली. मग त्यांची एक रीतच पडून गेली. आले की घरात न येता आधी मागल्या दारी जायचं. पायांवर बसायचं, वाफ्यात तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची, क्षणभर तशीच ठेवायची, बाहेर काढून बघायची. माझी पत्नी आतून विचारी, "पाणी देऊ का भाऊ?" आणि तिला म्हणायचं असे पिण्याचं, पण ते वाफ्याबद्दलच उत्तर देत, "आज नको, वहिनी. खाली आहे." आम्ही हसायचो. गेल्या आषाढात आले तेव्हाही तसंच झालं. त्या दिवशी थोडे थकलेले वाटले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले, बोटाची माती धोतराला पुसली आणि म्हणाले, "लोक वरचं बघून पाणी घालतात. वरचं तर वाळणारच." मग हातपाय धुऊन आत आले, चहा घेतला, मुलींच्या सासरची खुशाली सांगितली. नेहमीसारखंच... ती भेट शेवटची, असं वाटायला काही कारण नव्हतं.

उठावण्याहून परतलो तेव्हा उन्हं चढली होती. दोन-तीन दिवस घरात धावपळ, मागच्या वाफ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. वरची माती पांढरी पडून भेगाळली होती. पत्नीनं पाण्याची बादली भरून दाराशी आणून ठेवली आणि आत गेली. मी चपला काढल्या. वाफ्याशी बसलो, गवारीच्या दोन झाडांमध्ये बोट घातलं. वर कोरडं होतं, मग कोमट, आणि त्याच्याखाली गार. मी बोट तसंच राहू दिलं. मग बादली उचलून घरात आणली.